पहिली उंची

बार्सिलोना ऑलिंपिकमधली बांबूउडीची अंतिम फेरी ७ ऑगस्ट १९९२ ला झाली. तिच्या निकालात सर्गेई बुबकाच्या नावापुढे एकही उंची नाही. तोवर तिसाच्या आसपास विश्वविक्रम केलेला, आधीच्या ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेला आणि त्याच जून महिन्यात फ्रान्समधल्या दिजाँला ६.११ मीटर उडालेला हा माणूस. त्याने ५.७० मीटरला सुरुवात केली, दोनदा चुकला, उरलेला एकुलता एक प्रयत्न ५.७५ साठी राखून ठेवला आणि तोही वाया गेला. त्या दिवशी माक्सिम तारासोव्हने ५.८० वर सुवर्ण जिंकलं. बुबका शेवटचासुद्धा आला नाही, कारण शेवटचं यायलाही एखादी उंची पार करावी लागते.

बुबकाचं नाव निघालं की लोक दोन आकडे सांगतात: विश्वविक्रम ३५, ऑलिंपिक सुवर्ण एक. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवले की हळहळ वाटते, हेही खरं. पण गेली कित्येक वर्षं त्याच्या उड्या पुन्हा पुन्हा पाहताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जातं. प्रत्येक स्पर्धेत तो नेमका कुठल्या उंचीला उठला? त्याआधी किती उंच्या त्याने बसून जाऊ दिल्या? त्याची सगळी कारकीर्द मला या निर्णयांमध्ये दिसते. विक्रम हे त्या निर्णयांचं फळ, आणि बार्सिलोना ही त्याच निर्णयांची किंमत.

नियम साधा आहे. बार ठरलेल्या टप्प्यांनी वर चढत जातो. खेळाडू कुठल्याही उंचीला सुरुवात करू शकतो आणि मधली कुठलीही उंची सोडून देऊ शकतो. फक्त सलग तीनदा चुकला की बाद. एका उंचीला दोनदा चुकून तिसरा प्रयत्न वरच्या उंचीसाठी राखता येतो, पण तिथे मग तो एकच मिळतो. उंची सारखी झाली तर कमी चुकलेला पुढे. म्हणजे सोडून देणं हीसुद्धा एक चाल आहे. लांब उडीत किंवा गोळाफेकीत अशी मुभा नाही. तिथे मिळालेल्या प्रत्येक प्रयत्नात जितकं जमेल तितकं करायचं. बांबूउडीत मात्र किती मागायचं हे आधी तोंडाने सांगावं लागतं.

मग बुबका इतका उशिरा का उठायचा? इतर जण पाच-पाच, सहा-सहा उड्या मारून घामाघूम झालेले असताना हा ट्रॅकसूट घालून बसलेला असे. पाहणाऱ्यांना ती घमेंड वाटायची. मला त्यात हिशेब दिसतो. शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रावर तो मांडता येतो. सेकंदाला दहा मीटर वेगाने धावणाऱ्या माणसाची सगळी धाव उंचीत बदलली, तर तो जवळपास ५.१ मीटर वर जाईल. धावताना शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतोच. बेरीज ६.१. त्यात पोलला लटकून, उलटं होऊन, शेवटी हातांनी ढकलून जे मिळेल ते जमेचं आणि टेकऑफला जे सांडेल ते वजा. सहा मीटर उडायचं तर सहा मीटरचा वेग पायात शिल्लक हवा. बुबका धावायचा तो जवळजवळ या दहाच्या वेगाने, हातात पाच मीटरहून लांब पोल घेऊन. असली धाव एका संध्याकाळी किती वेळा जमणार? दोन, तीन, फार तर चार. त्यातली एक ५.४० वर कशाला खर्च करायची?

हे गणित त्याच्या अंगात विताली पेत्रोव्हने मुरवलं. बुबका ४ डिसेंबर १९६३ ला लुहान्स्कचा, युक्रेनच्या पूर्व भागातला. पेत्रोव्ह त्याचा लहानपणापासूनचा प्रशिक्षक. पेत्रोव्ह दोनेत्स्कला गेला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगाही घर सोडून त्याच्यामागे गेला. थोरला भाऊ वासिली हाही बांबूउडीवाला, आणि चांगलाच. १९८६ च्या युरोपीय स्पर्धेत सर्गेई पहिला आणि वासिली दुसरा आला. वासिलीबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, पण ज्या घरात सरावाला रोज असा जोडीदार असतो त्या घराचा मला हेवा वाटतो.

पेत्रोव्हची शिकवण थोडक्यात सांगायची तर पोल वाकवण्याच्या नादी लागू नका, पोल उभा करा. फायबरचा पोल आला आणि बऱ्याच जणांना वाटायला लागलं की तो जितका वाकेल तितकी उडी मोठी. जणू पोल ही स्प्रिंग आणि माणूस तिच्यावर बसलेला प्रवासी. पेत्रोव्ह म्हणायचा की पोल बॉक्समध्ये, म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी जमिनीत असलेल्या खोबणीत, टेकायच्या आतच शरीर उडालेलं हवं, हात ताठ वर, छाती पुढे, आणि सगळी धाव पोलला सरळ उभं करण्यात गेली पाहिजे. तो जितक्या झटकन उभा राहील तितका कडक पोल वापरता येतो, जितका कडक पोल तितकी मूठ वर धरता येते, आणि मूठ वर गेली की उंची आपोआप येते. पुढचं काम आपल्या मल्लखांबाच्या मुलांना सांगावं लागणार नाही: पाय डोक्यावर, डोकं खाली, कंबर हाताशी, आणि सगळं अंग दांड्याला चिकटून वर सरकणारं. फरक एवढाच की मल्लखांब जमिनीत रोवलेला असतो, आणि हा खांब त्याच क्षणी उभा होत असतो.

१९८३ साली हेलसिंकीला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. बुबका १९ वर्षांचा होता. फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्याने ५.७० मीटर उडून सुवर्ण घेतलं. हा ५.७० लक्षात ठेवा, तो पुढे दोनदा आडवा येणार आहे.

पुढच्या वर्षी तो लॉस एंजेलिसला जाऊच शकला नाही. सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला होता. तिथे फ्रान्सच्या पियेर किनॉने ५.७५ वर सुवर्ण जिंकलं. बुबकाने तोवर ब्रातिस्लाव्हाला ५.८५, पॅरिसजवळ ५.८८ आणि लंडनला ५.९० असे तीन विश्वविक्रम करून ठेवले होते. ऑलिंपिकचं एकच सुवर्ण म्हणून हळहळताना हे सुवर्ण त्याच्याकडून कोणी काढून घेतलं, हे सांगायला लोक विसरतात.

त्या वर्षाची खरी गोष्ट ऑलिंपिक संपल्यानंतर, ३१ ऑगस्टला रोममध्ये घडली. फ्रान्सचा थिएरी व्हिन्यरों आणि बुबका समोरासमोर होते. व्हिन्यरों ५.९१ उडाला. विश्वविक्रम बुबकाच्या हातून गेला. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. बार पडला नाही याची खात्री होईपर्यंत गादीवर पडून राहायचं, मग उठून नाचायचं, हे सगळं करायला व्हिन्यरोंला जेमतेम वेळ मिळाला. कारण बुबकाने बार ५.९४ वर लावायला सांगितला होता. ५.९२ नाही, ५.९३ नाही. आणि तो उडाला. व्हिन्यरोंचा विश्वविक्रम काही मिनिटं टिकला. त्यानंतर मैदानी बांबूउडीचा विक्रम २०२० पर्यंत बुबकाशिवाय दुसऱ्या कोणाच्याही नावावर गेला नाही. ती चित्रफीत मी कधीही बघू शकतो. व्हिन्यरोंबद्दल जीव कळवळतो आणि तरीही बुबका धावायला लागला की मी श्वास धरून बसतो.

१३ जुलै १९८५ ला पॅरिसमध्ये तो सहा मीटर उडाला. मानवाने पहिल्यांदा. इथून पुढे त्याच्यावर एक आरोप सुरू झाला आणि तो आजतागायत चालू आहे: हा माणूस मुद्दाम एकेक सेंटीमीटर वाढवतो, कारण प्रत्येक विक्रमामागे बक्षिसाची रक्कम असते. ६.०१, ६.०३, ६.०५, ६.०६, मग १९९१ मध्ये ६.०७, ६.०८, ६.०९, ६.१०. हा क्रम पाहिला की आरोप पटण्यासारखा वाटतो. पैसे मिळत होते, हेही खरं. १९९४ मध्ये इटलीतल्या सेस्त्रिएरेला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर, त्याने ६.१४ केलं. विश्वविक्रमवीराला फेरारी देणारी स्पर्धा म्हणून तिची ख्याती होती.

पण या आरोपाशी मी भांडत आलो आहे. १९८४ च्या मे महिन्यातल्या ५.८५ पासून १९९४ च्या जुलैतल्या ६.१४ पर्यंत एकूण वाढ २९ सेंटीमीटर. दहा वर्षं, २९ सेंटीमीटर. ज्या उंचीवर जगात दुसरं कोणी पोचलेलंच नाही तिथे एका सेंटीमीटरला क्षुल्लक म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. शिवाय तो बार लावायला सांगताना स्वतःला आणि सगळ्या स्टेडियमला शब्द देत असतो. जेवढं आज शरीरात आहे तेवढंच मागायचं, आणि मागितलं की आणून द्यायचं, यात लबाडी कसली? आता स्वीडनचा आर्मंड डुप्लांटिस हेच करतो. ६.१७, ६.१८, ६.१९ असं चढत तो सप्टेंबर २०२५ मध्ये तोक्योला ६.३० वर पोचला. त्याच्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही. काळ बदलला, खेळाडूने कमवावं हे लोकांनी मान्य केलं, एवढाच त्याचा अर्थ. बुबकाला ती सवलत मिळाली नाही. सोव्हिएत खेळाडूने पैशासाठी उडू नये, अशी अपेक्षा ठेवणारे स्वतः कुठल्या पगारावर जगत होते कोण जाणे.

१९८८ चं सोलचं ऑलिंपिक आम्ही दूरदर्शनवर पाहिलं होतं. बाबा धावण्याच्या शर्यतींचे शौकीन, बांबूउडी लागली की ते पेपर उघडायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "हा लाल कपड्यातला नुसता बसून का राहिलाय?" मला सांगता आलं नव्हतं. रोदियॉन गताउलिन ५.८५ उडून पुढे होता. बुबकाने बार ५.९० वर मागितला. पहिला प्रयत्न गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला तो धावपट्टीच्या टोकाशी उभा राहिला तेव्हा बाबा खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. तो गेला पलीकडे. पदकतक्त्यावर पहिले तिघेही सोव्हिएत. बाबांनी तेव्हापासून बांबूउडी बघायला सुरुवात केली आणि जाईपर्यंत बघत राहिले.

तोक्योतलं १९९१ चं जागतिक अजिंक्यपद मी त्याची सगळ्यात मोठी उडी मानतो, जरी आकडा फक्त ५.९५ असला तरी. टाच दुखावलेली, वेदना मारायला इंजेक्शन घेतलेलं. हंगेरीचा इश्तवान बाज्युला ५.९० उडून सुवर्णाच्या वाटेवर. बुबकाकडे शेवटचा एकच प्रयत्न. आणि तो ज्या अंतराने बारवरून गेला ते पाहिलं की कळतं, बार सहा मीटरच्या बराच वर असता तरी चाललं असतं. त्या उडीची नोंद मात्र ५.९५ अशीच झाली. या खेळात मोजली जाते ती बारची उंची. माणूस त्याच्या किती वरून गेला याची दखल घेणारा रकानाच नाही.

हे निर्णय किती बारीक असतात ते मला जवळून कळलं २०१३ साली, बालेवाडीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा. पावसाळी जुलै महिना. बांबूउडीच्या धावपट्टीला लागून असलेल्या कठड्याशी जागा मिळाली. टीव्हीवर उडीचे चार सेकंद दिसतात. इथे त्या चार सेकंदांच्या आधीची वीस मिनिटं दिसत होती. लांबलचक कापडी पिशव्यांमधून पोल निघायचे, एकेका खेळाडूचे पाच-सहा, प्रत्येकावर लांबी आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे याचा आकडा. खेळाडू पोलच्या टोकाला चिकटपट्टीचे वेढे देत, त्यावर चिकट फवारा मारत, मग मूठ आवळून अंगठ्याने तपासत. धावपट्टीच्या कडेला पावलांच्या खुणा, प्रत्येकाची वेगळी. आणि प्रत्येक उडीआधी पंचांना एक आकडा सांगायचा: बारचे खांब बॉक्सपासून किती मागे हवेत. शून्य ते ८० सेंटीमीटर. एक जण ६० सांगून रन-अपला गेला, परत आला, ६५ म्हणाला, पुन्हा गेला. प्रेक्षागारातून त्याचा प्रशिक्षक दोन्ही तळहात एकमेकांपासून लांब नेत काहीतरी खुणावत होता. त्या पाच सेंटीमीटरमागे त्याच्या डोक्यात वारा, ओली धावपट्टी, पोलचा कडकपणा, आधीच्या उडीत कंबर कुठे होती, असं किती काय चाललं असेल!

तिथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती अजून टोचते. उंची निवडायला आधी पोल निवडता यायला हवा. वेग वाढला, अंगात जोर आला की आधीच्यापेक्षा थोडा कडक पोल लागतो, मग आणखी थोडा कडक. आपल्याकडे कित्येक मुलं एकमेकांचे पोल वापरून शिकतात. हाती असेल त्यावर उडायचं. पोलचे तुकडे करून नेता येत नाहीत, त्यामुळे स्पर्धेला जाताना हा चार-पाच मीटरचा दांडा बसमध्ये नाही तर आगगाडीत कसा चढवायचा, याच चिंतेत अर्धा जीव जातो. उतरायला जाड गाद्यांचा पीट असलेली मैदानं महाराष्ट्रभर शोधली तरी फार सापडणार नाहीत. अशा मुलाला बुबकाने ५.७० ला सुरुवात का केली हे समजावून काय उपयोग? त्याला सुरुवात करायला जागा मिळाली तरी पुष्कळ आहे.

बार्सिलोनाकडे परत येतो. त्या दिवसाची कारणं पुष्कळ सांगितली गेली. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: वर्षानुवर्षं जी पद्धत त्याला जिंकून देत होती तीच त्याने त्या दिवशीही वापरली. उशिरा सुरुवात, मोजक्या उड्या. पाया म्हणून खाली एखादी सोपी उंची करून ठेवली असती तर नावापुढे आकडा लागला असता. पण तसा खेळणारा बुबका सोलचा आणि तोक्योचा बुबका झाला असता का? मला नाही वाटत. बार्सिलोनानंतर तीन आठवड्यांनी, ३० ऑगस्टला, पादुआत तो ६.१२ उडाला. १९ सप्टेंबरला तोक्योत ६.१३. म्हणजे एका वर्षात मैदानी स्पर्धांतले तीन विश्वविक्रम, आणि त्यांच्या मधोमध ती रिकामी जागा. पुढच्या फेब्रुवारीत दोनेत्स्कला, आपल्या गावच्या लोकांसमोर, बंदिस्त स्टेडियममध्ये ६.१५. तो आकडा २१ वर्षं हलला नाही.

अटलांटाला १९९६ मध्ये घोट्यामागच्या शिरेने दगा दिला आणि पात्रता फेरीतच, एकही उडी न मारता, त्याने माघार घेतली. त्याच डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. तेहेतिशीचा, ऑपरेशन झालेल्या पायाचा माणूस पुढच्या ऑगस्टमध्ये अथेन्सला आला. तारासोव्ह, बार्सिलोनाचा तोच विजेता, ५.९६ उडाला. बुबका ६.०१. सलग सहावं जागतिक अजिंक्यपद. हेलसिंकी, रोम, तोक्यो, श्टुटगार्ट, गोथेनबर्ग, अथेन्स: या ओळीची बरोबरी करायला ऑलिंपिकची आणखी दोन सुवर्णंही पुरली नसती, असं माझं ठाम मत आहे.

सिडनीत २००० साली पात्रता फेरीत तो पुन्हा ५.७० ला उठला. तीनदा चुकला. वय ३६. ज्या उंचीने १९ व्या वर्षी त्याला जगज्जेता केलं, त्याच उंचीवर त्याचं शेवटचं ऑलिंपिक संपलं. २००१ च्या फेब्रुवारीत दोनेत्स्कमध्ये त्याने स्वतः सुरू केलेल्या स्पर्धेतच त्याचा निरोप समारंभ झाला. त्यानंतरची क्रीडा संघटनांमधली पदं, निवडणुका, वाद यांबद्दल मला इथे लिहायचं नाही. तो वेगळा माणूस आहे आणि त्याचा विषय वेगळा.

१५ फेब्रुवारी २०१४ ला दोनेत्स्कच्या त्याच स्पर्धेत फ्रान्सचा रेनॉ लाव्हिलनी ६.१६ उडाला. बुबका समोर होता. आपला विक्रम आपल्याच गावात मोडताना पाहिला आणि त्याने त्या पोराला मिठी मारली. लाव्हिलनीने लगेच ६.२१ मागितलं आणि त्या प्रयत्नात पाय दुखावून घेतला. त्यानंतर काही महिन्यांतच दोनेत्स्क युद्धात सापडलं आणि मे महिन्यात ते क्रीडागृह जळालं.

पेत्रोव्हने मात्र शिकवणं थांबवलं नव्हतं. इटलीत राहून त्याने तिथल्या ज्युसेप्पे गिबिलिस्कोला जगज्जेता केलं, रशियाच्या येलेना इसिनबायेव्हाला शिकवलं, आणि मग थियागो ब्राझ नावाचा एक ब्राझिलियन मुलगा त्याच्याकडे आला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी रात्री उशिरापर्यंत चालली. लाव्हिलनी गतविजेता. त्याने ५.९८ पहिल्याच प्रयत्नात पार केलं. ब्राझ बावीस वर्षांचा, घरचं मैदान, रौप्यपदक जवळपास नक्की. ५.९८ करून बरोबरी साधावी, असं कोणीही म्हटलं असतं. त्याने ५.९८ सोडून दिलं आणि बार ६.०३ वर लावायला सांगितला. पहिला प्रयत्न गेला. दुसऱ्यात तो पार झाला. लाव्हिलनी ६.०३ ला दोनदा चुकला, तिसरा प्रयत्न ६.०८ साठी राखला आणि तिथे बार पाडला. त्या रात्रीपर्यंत ब्राझ आयुष्यात कधीही ५.९३ च्या वर गेला नव्हता.